भाचीच्या पहिल्या अल्बमला बेळगावात ऐकणारे आहेत का?

तुम्ही लिहिलंय की भाचीचा रागसंगीताचा पहिला अल्बम ऑनलाइन येऊन दोन महिने झाले, ऐकल्याचा आकडा हजाराच्या आतच अडकलाय, पोरगी खचलीय, आणि बेळगावात आता असलं गाणं ऐकणारे उरलेत का. उरलेत. मी याच गावात पेटीची साथ करतो, नव्या मुलामुलींच्या रेकॉर्डिंगलाही बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो आकडा. स्पॉटिफायवर कुणी 30 सेकंद ऐकलं की एक नोंद होते. तुमची भाची किराणा घराण्याची तालीम घेतलेली. तिच्या विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन पुरं व्हायला पाऊण ते एक मिनिट लागत असणार. म्हणजे गाणं धड समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायच्या आत नोंद होऊन गेलेली असते. एकतिसाव्या सेकंदाला उठून गेलेला माणूस तिथे एक, आणि डोळे मिटून अख्खा बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतली मुख्य बंदिश, ऐकणाराही एकच. वर तीन मिनिटांचं भावगीत कुणी दहा वेळा लावलं तर दहा. या हिशेबात ख्याल मागे पडणारच, त्यात तिच्या गाण्याचा काही दोष नाही. हे तिला समोर बसवून समजावून सांगा, कारण या वयात पोरं रोज सकाळी उठून तो आकडाच बघत बसतात.

दुसरं, पहिल्या रेकॉर्डवरून गायक कळतोच असं नाही. गंगूबाई हनगल यांच्या 1930च्या दशकातल्या सुरुवातीच्या तबकड्या 'गांधारी' या नावाने निघाल्या. त्यांतला आवाज बारीक आणि चढा आहे. पुढे घशावर उपचार झाले आणि आवाज उतरला, भरदार झाला. आज आपण ज्यांना गंगूबाई म्हणून ओळखतो तो आवाज त्या पहिल्या तबकड्यांत नाहीच. आणि तबकडी कुठे जाऊन रुजेल तेही सांगता येत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लहानग्या भीमसेन जोशींच्या कानावर पडली, आणि 1933 साली, अकराव्या वर्षी, त्यांनी गुरूच्या शोधात घर सोडलं. आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व तर पोरवयात तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची गायकी जशीच्या तशी उठवायचे. या दोघांनी ऐकलं तेव्हा 'ऐकणारे' म्हणून किती मोजायचे?

आता मी स्वतः पाहिलेली गोष्ट. काही वर्षांपूर्वी खानापूरकडच्या एका मुलीच्या पहिल्या अल्बमला मी साथ केली होती. मुख्य राग मुलतानी. यातला कोमल गंधार तीव्र मध्यमाला धरून, मींडेने, म्हणजे मधे न तुटता घसरत, खाली यावा लागतो. नुसता खडा ठेवला की तोडी हा दुसराच राग डोकवायला लागतो. माझ्या पेटीवर तो गंधार नाही, त्या जागी मी हात उचलतो आणि तिला मोकळं सोडतो. तर स्टुडिओतल्या तंत्रज्ञाने चांगल्या हेतूनेच सॉफ्टवेअर लावून सगळे स्वर 'सरळ' केले. गंधार जागचा हलला, मींडेच्या पायऱ्या झाल्या. ऐकायला सगळं स्वच्छ, पण मुलतानी गेला. तिच्या गुरुजींनी पहिल्या दोन मिनिटांत ओळखलं आणि मूळ फाइल परत घ्यायला लावली. तुमच्या भाचीच्या अल्बमचं मिक्सिंग कुणी केलं, त्यात असं काही झालंय का, हे नक्की तपासा. जाणकार अशा ठिकाणी काही न बोलता ऐकणं थांबवतात, आणि गाणाऱ्याला कारण कधीच कळत नाही.

त्या खानापूरच्या मुलीचा अल्बम आल्यावर पहिल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर 'अप्रतिम', 'बेळगावची शान' यांचा पाऊस पडला. ती माया होती, तिचं मोल आहेच. पण ती दाद गावच्या पोरीला असते, गाण्याला अजून मिळायची असते. नंतर महिनाभर सगळं शांत. मग वडगावातल्या एका विणकर काकांचा तिला फोन आला. माग बंद झाल्यावर रात्री त्यांनी अल्बम दोनदा ऐकला होता. म्हणाले, "बडा ख्याल झकास झालाय की गं. पण द्रुतात घाई केलीस बाळ. तिसरी तान सुटली तेव्हाच तू समेला कुठून येणार ते कळलं मला." ती फोन ठेवून रडली आणि दुसऱ्या दिवशी तंबोरा घेऊन बसली. ती तान आज ती वेगळी घेते. मी प्रतिसाद म्हणतो तो हा. असे कान शहापूर-वडगावात आहेत, टिळकवाडीत आहेत, निपाणीलाही आहेत. फक्त ते कमेंट लिहीत नाहीत. त्यांच्या घरी जाऊन, पाया पडून, ऐकवावं लागतं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अल्बमची माहिती कोणत्या लिपीत आहे? नुसती इंग्रजी असेल तर मराठी आणि कन्नड दोन्हींत एकेक पान करा: राग, ताल, बंदिश कुणाची, साथीला कोण. आपल्या भागातली निम्मी रसिक मंडळी कन्नड घरांतली आहेत आणि त्यांच्यापर्यंत आपली पोरं पोचतच नाहीत. भीमसेनजींनी अभंग गायले तशी दासवाणी, म्हणजे कन्नड हरिदासांची पदंही गायली. मल्लिकार्जुन मन्सूर बसवण्णांसारख्या शरणांची कन्नड वचनं गायचे. बाहेर भाषेवरून काय चालायचं ते चालो, बैठकीत सम आली की मान दोघांचीही एकदमच हलते. पुढच्या रेकॉर्डिंगला एक अभंग आणि एक वचन जरूर घ्या. मात्र अभंगाचे शब्द तुकोबांचे असले तरी चाल एखाद्या आधुनिक संगीतकाराची असेल तर परवानगी लागते. संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतो. श्रीनिवास खळे 2011 साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली अजून कितीतरी वर्षं विचारल्याशिवाय घेता येणार नाहीत. त्यापेक्षा गुरुजींकडून नवी चाल बांधून घ्यावी.

अल्बमचा खरा उपयोग ओळखपत्रासारखा करा. धारवाड, मिरज, कोल्हापूर, गोवा, सगळं आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर. पुण्या-मुंबईच्या मुलांना हे भाग्य नाही. मिरजेला दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, कुंदगोळला नाडगीर वाड्यात भीमसेनजींचे गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ होतं. तिथे आधी श्रोता म्हणून जा, रात्रभर बसा, मग ओळख काढा. आयोजकाला नुसती लिंक पाठवू नका, शंभर लिंकांत ती हरवते. बड्या ख्यालातली सात-आठ मिनिटं निवडून द्या, आलाप नीट स्थिरावल्यानंतरची. आणि सोबत लिहा की ती अर्ध्या तासाच्या सकाळच्या सत्रालाही यायला तयार आहे. नव्या गायिकेला बहुतेक ठिकाणी तीच जागा आधी मिळते, आणि सकाळचे राग गाणारी तरुण मुलं कमी असल्यामुळे लवकर मिळते. तिची भैरव, तोडी, जौनपुरी यांची तयारी कितपत आहे? तीवर आत्तापासून गुरुजींशी बोलून घ्या.