मुदत संपायच्या आत मर्यादा आली, तर वरचा प्लॅन घ्यावा का?

प्रश्न : कामासाठी एका ऑनलाइन सेवेचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं. पाच महिने झाले आणि मेल आला, की पुढच्या महिन्यापासून वापरावर मर्यादा येणार. जास्त लागत असेल तर वरचा प्लॅन घ्या. फरक भरून मोकळा होऊ, की रिफंड मागू?

उत्तर : वरचा प्लॅन आज घेऊ नका. तो घेताना नव्या अटींना तुमची संमती नोंदली जाते आणि जुन्या प्लॅनची तक्रार लंगडी पडते.

मेलमध्ये आधी एवढंच शोधा : बदल चालू मुदतीला लागू आहे, की नूतनीकरणापासून? नूतनीकरणापासून असेल तर तुमचं काही बिघडलेलं नाही. ऑटो-रिन्यूअल बंद करा आणि उरलेले सात महिने निर्धास्त वापरा.

लगेच लागू असेल, तर त्या तारखेआधी लेखी हरकत कळवा. ‘वापर चालू ठेवला म्हणजे अटी मान्य’ असं कलम अनेक करारांत असतं. पैसे भरले तेव्हाच्या अटी जवळ नसतील, तर वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवर ते पान मिळू शकतं. त्यात ‘फेअर यूज’चं, म्हणजे अति वापर झाल्यास कंपनीला मर्यादा घालू देणारं कलम तेव्हाही होतं का, तेही बघा, असलं तर तुमची बाजू कमजोर आहे. युरोपीय संघात 2022 पासूनच्या नियमांनुसार असा बदल किरकोळ नसेल, तर ग्राहकाला 30 दिवसांत विनाशुल्क करार संपवता येतो.

रिफंड किती, हे मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. बारापैकी सात महिने उरले म्हणजे सुमारे 58 टक्के परत मिळायला हवेत. काही कंपन्या वापरलेले महिने मासिक दराने कापतात. वार्षिक किंमत दहा महिन्यांच्या मासिक दराएवढी असेल, तर पाच महिने कापून हातात 50 टक्केच येतात. कंपनीने अट बदलली म्हणून तुम्ही बाहेर पडताय, तेव्हा सवलत काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं. तसं स्पष्ट लिहून 58 टक्केच मागा. पैसे ॲप स्टोअरमधून भरले असतील, तर अर्जही सहसा तिथेच करावा लागतो.

कंपनीने नकार दिला तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत, मागता येतो. पण त्यानंतर खातं बंद होऊ शकतं, म्हणून सगळा डेटा आधी उतरवून घ्या.

आणि काम अडतंय म्हणून वरचा प्लॅन घ्यावाच लागला, तर महिन्याच्या बोलीवर घ्या. थोडा महाग पडेल, पण अटी पुन्हा बदलल्या तर अडकलेले पैसे एका महिन्याचेच असतील.