पिस्तुलाला ‘रेड डॉट’ लावू का?

प्रश्न : जालन्याजवळ शेतवस्तीवर आम्ही राहतो. मोसंबीची बाग आहे, हंगामात घरात रोकड असते. शेजारच्या वस्तीवर दरोडा पडल्यानंतर मी रीतसर अर्ज करून .३२ पिस्तुलाचा परवाना घेतला. पिस्तुलाची साइट (नेम धरायची खूण) बारीक आहे, अंधारात काहीच दिसत नाही. टेक्सासचा मेहुणा दिवाळीला येतोय. रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी छोटी साइट), लेझर, मोठं मॅगझिन (गोळ्या भरायचा खाचा) आणि चाप हलका करणारी स्प्रिंग घेऊन येतो म्हणतो. रेड डॉट बसवायला पिस्तुलावर खाच नाही, पण एमआयडीसीतला ओळखीचा लेथवाला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) कापून द्यायला तयार आहे. पुढच्या महिन्यात परवान्याचं नूतनीकरण आहे. हे सगळं कायद्यात बसतं का?

उत्तर : मेहुणा टेक्सासचा आणि पिस्तूल जालन्याचं, घोळ तिथेच आहे. तिकडे बंदुकीची साइट मोबाइलच्या कव्हरसारखी दुकानातून आणून घरच्या टेबलावर बसवतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे आणि या कायद्याच्या व्याख्येत ‘शस्त्र’ म्हणजे अख्खं पिस्तूल एवढंच नाही, त्याचे सुटे भागही शस्त्रच. तुमचा परवाना ठरावीक नंबरच्या, ठरावीक बोअरच्या (नळीच्या मापाच्या) एका पिस्तुलाचा आहे. त्यावर काहीही जोडायची मोकळीक त्यातून मिळत नाही.

आधी लेथवाल्याचं बघू, कारण सगळ्यात मोठा धोका तो आहे. शस्त्राची निर्मिती, विक्री, रूपांतर, दुरुस्ती, चाचणी यांसाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. तो अधिकृत आर्म्स डीलरकडे किंवा दुरुस्तीकाराकडे असतो, लेथवर पंपाचे शाफ्ट करणाऱ्याकडे नसतो. त्याने तुमची स्लाइड कापली की त्याच्यावर कलम २५(१)(अ) लागू शकतं आणि काम सांगणारे म्हणून तुम्हीही त्यात ओढले जाता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाखाली किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. आधी हीच शिक्षा तीन ते सात वर्षं होती. खाच पाडताना स्लाइडवरचा नंबर किंवा छाप घासला गेला, तर कलम ८ खालचा गुन्हा आणखी वेगळा. ‘फक्त खाच पाडली हो साहेब’ हे वाक्य अशा खटल्यात फार लांब जात नाही.

मेहुण्यालाही आजच फोन करा. शस्त्र किंवा त्याचे भाग देशात आणायला कलम १० खाली परवाना लागतो. शिवाय अमेरिकेच्या निर्यात नियमांतही बंदुकीचे भाग आणि नेमसाधनं नियंत्रित यादीत आहेत. म्हणजे बॅगेत मॅगझिन आणि स्प्रिंग सापडली तर दोन देशांना उत्तर द्यायचं. दिवाळीला त्याने चॉकलेटं आणावीत.

आता वस्तू एकेक करून.

मोठं मॅगझिन हा पिस्तुलाचा भाग आहे, सोडून द्या. नळी बदलून ९ एमएम करून घ्यावी असं कोणी सुचवलं, तर त्या माणसापासूनच लांब राहा. ९ एमएम हा सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर आहे आणि शस्त्र एका वर्गातून दुसऱ्या वर्गात बदलणं कलम ६ खाली येतं. शिक्षा वर सांगितली तीच, सात वर्षं ते जन्मठेप. सायलेन्सरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण रेड डॉटमागोमाग तेही सुचवलं जातं : आवाज किंवा जाळ कमी करणारं उपकरण या कायद्याच्या व्याख्येत स्वतःच ‘अग्निशस्त्र’ आहे.

लेझर आणि रेड डॉट यांची नावं कायद्यात नाहीत. माझं मत असं की जे उपकरण न कापता, न घासता, न खोदता बसतं आणि काढताही येतं, ज्यामुळे गोळी सुटण्याच्या क्रियेत काहीच बदल होत नाही, त्याला ‘रूपांतर’ म्हणणं कठीण आहे. पण हे वकिलाचं मत झालं. निवडणुकीच्या काळात तुम्ही पिस्तूल जमा करायला ठाण्यात जाता, तेव्हा समोरचा हवालदार माझं मत विचारणार नाही. तो परवाना उघडतो, पिस्तुलाची बनावट, बोअर, नंबर ताडून पाहतो आणि पावती लिहितो. वर चिकटलेली डबी दिसली की पहिला प्रश्न, ‘हे काय?’ तेव्हा दाखवायला डीलरचं बिल आणि परवाना प्राधिकाऱ्याकडून आलेलं लेखी उत्तर हाताशी हवं. परवान्याच्या अटींचा भंग एवढंच ठरलं तरी कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार कलम १७ देतं, तो वेगळा.

बारीक साइटवर अगदी साधा उपाय आहे. पुढच्या साइटवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. घरातलं नेलपेंटही चालतं. त्यात काही कापलं जात नाही, बदलत नाही, आणि मिणमिणत्या उजेडात फरक जाणवतो. ग्रिपचं रबर झिजलं असेल तर तेही डीलरकडून बदलून घ्या, बिल ठेवा.

चापाच्या स्प्रिंगवर मात्र मला थांबावं लागेल. तुमच्या यादीत ती सगळ्यात लहान वस्तू आहे आणि कोर्टात सगळ्यात जड जाणारीही तीच.

गोळी सुटल्यावर काय होतं ते पाहा. पिस्तूल मुद्देमाल म्हणून जप्त होतं, पंचनामा होतो, सीलबंद पाकीट न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. तिथला तज्ज्ञ पुंगळी आणि गोळी जुळवतो, शिवाय चाप ओढायला किती जोर लागतो तेही वजन लावून मोजतो. मूळ बनावटीपेक्षा तो आकडा बराच कमी निघाला की पिस्तूल उघडून पाहिलं जातं. समजा अंधारात धडपडीत गोळी सुटली आणि ती दरोडेखोराऐवजी तुमच्याच गड्याला लागली. तुम्ही म्हणाल, अपघात झाला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८ मध्ये अपघाताचा बचाव आहे, पण त्याच्या अटी वाचा : कृत्य कायदेशीर हवं, रीत कायदेशीर हवी, साधन कायदेशीर हवं आणि योग्य ती काळजी घेतलेली हवी. परवानगीविना चाप हलका केलेलं पिस्तूल शेवटच्या दोन अटींवर अडकतं. मग माणूस दगावला असेल तर कलम १०६ चा निष्काळजीपणा समोर येतो, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सरकारी वकिलाला फार कष्ट पडत नाहीत. ‘चाप हलका का केलात?’ एवढंच तो विचारतो.

स्वसंरक्षणाचं तसं नाही, हेही सांगायला हवं. बदल केलेलं शस्त्र वापरलं म्हणून खाजगी बचावाचा हक्क आपोआप जात नाही. गोळी झाडणं कोर्टाने योग्य ठरवलं, तरी शस्त्र कायद्याचा खटला स्वतंत्र चालतो, एवढंच. हा हक्क आता संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आधी तो जुन्या भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ मध्ये होता. तुमच्यासाठी कलम ४१ महत्त्वाचं : जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय यादरम्यानची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा जीव जाईल वा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटायला लावणारी चोरी अथवा गृह-अतिक्रमण, अशा प्रसंगी मालमत्तेच्या बचावात समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक वार तोलूनमापून करावा अशी अपेक्षा करता येत नाही.

पण कलम ३७ ची लगाम आहेच, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. बागेतून मोसंबीची क्रेट उचलून कुंपणापलीकडे पळणाऱ्यावर पाठीमागून गोळी झाडलीत तर कलम ४१ तुमच्या बाजूला नसेल. आणि गोळीबार बचावात बसतो हे दाखवण्याची जबाबदारी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे तुमच्यावर येते, जरी ती ‘शक्यता जास्त’ एवढ्या मापाने भागत असली तरी. रेड डॉटने नेम सुधारेल. समोर कोण आहे, तो येतोय की पळतोय, हे मात्र उजेडाशिवाय कळत नाही, आणि कोर्टात प्रश्न त्यावरच येतात.

म्हणून मेहुण्याचं बजेट अंगणात खर्च करा. चारी कोपऱ्यांवर हालचाल टिपून पेटणारे दिवे, इन्व्हर्टरवर चालणारे. कॅमेरा घेतलात तर त्याचं रेकॉर्डिंग वस्तीबाहेर साठवा, दरोडेखोर रेकॉर्डिंगचा डबाच उचलून नेतात. ११२ घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. तुमच्या तालुक्यात ग्राम सुरक्षा यंत्रणा (एका फोनवर सगळ्यांना एकदम इशारा देणारी सोय) सुरू असेल तर वस्तीवरचे सगळे नंबर त्यात नोंदवा. पिस्तूल कुलूपबंद पेटीत, किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. परवाना घेताना सुरक्षित ठेवण्याची हमी तुम्ही लिहून दिली आहे. आणि अधिकृत रेंजवर काडतुसं झाडून सराव करा, स्वतःच्या बागेत नको.

नूतनीकरणाचा अर्ज देताना पिस्तूल मूळ स्थितीत असू द्या. लेझर हवंच असेल तर त्याच सुमारास जिल्हाधिकारी कार्यालयाला वेगळं पत्र लिहा : परवाना क्रमांक, पिस्तुलाचा नंबर, उपकरणाचं नाव, ते न कापता बसतं हा डीलरचा लेखी खुलासा, आणि ‘असे उपकरण वापरण्यास हरकत आहे काय, याबाबत कळवावे’ हे एक वाक्य. आवक शिक्क्याची पोच घ्या. उत्तर येईपर्यंत उपकरण विकतही घेऊ नका.