कॅमेरा कुठे ठेवलायस ते आधी सांग

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकरणाचा मसुदा दोनदा वाचला. एकदा बसमध्ये आणि एकदा रात्री, पेन्सिल घेऊन. विषय चांगला आहे. चिनी बायकांवरचा सुंदर दिसण्याचा दबाव आणि त्यावर फोटोतून, परफॉर्मन्समधून (म्हणजे स्वतःचं शरीर वापरून केलेल्या कृतीतून) बोट ठेवणाऱ्या तिथल्याच कलाकार. पण पहिला परिच्छेद काढून टाक. हो, अख्खा.

चीन आणि बायका म्हटलं की सगळे लहानपणीच घट्ट बांधून खुंटवलेल्या पावलांपासून सुरुवात करतात. तूही केलीस. पावलं बांधण्यावर नव्या प्रजासत्ताकानं १९१२ साली बंदी घातली. मग १९४९ साली कम्युनिस्ट क्रांती झाली. पुढे माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६-७६) लिपस्टिक आणि कुरळे केस म्हणजे बूर्ज्वा चोचले होते, त्यावरून लोकांसमोर अपमान व्हायचा. तू ज्यांच्याबद्दल लिहितेस त्यांच्या आया त्या निळ्या-करड्या कपड्यांतल्या. आणि २००३ साली त्याच देशात, हायनान बेटावरच्या सान्या शहरात, मिस वर्ल्ड स्पर्धा भरली. पुढच्या वर्षी बीजिंगमध्ये एक सौंदर्यस्पर्धा झाली, तिची अटच अशी की प्लास्टिक सर्जरी झालेली हवी! तेव्हा हे सगळं हजारो वर्षांचं ओझं म्हणून मांडू नकोस. हा बाजाराचा दबाव आहे, वयानं साधारण तुझ्याएवढा. जुनं त्यात काहीच नाही असंही नाही. गोरेपणा शंभर व्यंगं झाकतो, अशा अर्थाची म्हण चिनीत आहे. आपल्याकडच्या ‘वधू पाहिजे’ वाचत वाढलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. पण म्हण जुनी असली तरी तिच्या जिवावर चालणारी दुकानं नवी आहेत.

आता कलाकृतींकडे. त्यांचं वर्णन करताना तू ‘स्त्रीदेहाचं वस्तूकरण’ हा शब्द अकरा वेळा वापरलास, मी मोजला. कॅमेरा कुठे होता हे मात्र एकदाही लिहिलं नाहीस. माझ्या मते या विषयात पहिला प्रश्न तोच. दबाव आणणारं हत्यार कॅमेरा आणि त्यावर टीका करणारं हत्यारही कॅमेराच, मग तो कुणाच्या हातात आहे, कुठे उभा आहे आणि समोरच्या बाईला ते ठाऊक आहे का, हे आधी सांगायला नको?

त्सुई शिउवनचं ‘लेडीज रूम’ घे, सन २०००. बीजिंगमधल्या एका नाइटक्लबच्या बायकांच्या स्वच्छतागृहात तिनं छुपा कॅमेरा ठेवला. गिऱ्हाइकांसोबत बसणाऱ्या मुली आरशापुढे येतात. लिपस्टिक नीट करतात, ब्रा वर ओढतात, नोटा मोजून दडवतात, फोनवर बोलतात. बाहेर जो चेहरा विकायचा तो इथे तयार होतो आणि आपण आरशाच्या जागी बसून तो बघतो. काम जबरदस्त आहे. पण त्या मुलींना कुणी विचारलं होतं? छुपा कॅमेरा म्हणजे न विचारता घेतलेलं. ही बोच तुझ्या लिखाणात यायला हवी. तू नुसतं ‘धाडसी’ म्हणून पुढे गेलीस.

आणि त्यावरून सुचलेली तुझी कल्पना, मंगल कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत फोन लपवून ठेवण्याची, ती डोक्यातून काढ. आपल्याकडे कपडे बदलणाऱ्या बाईचं असं चोरून चित्रण करणं हा गुन्हा आहे. नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. विचारून बघ ना. दहापैकी दोघी हो म्हणतील, आणि बघितलं जातंय हे माहीत असताना त्या जे करतील ते जास्त बोलकं असेल.

चेन लिंगयांगवर तू एकच ओळ लिहिलीस, ‘मासिक पाळीचे फोटो’. असं नको करूस गं. १९९९-२००० मधलं तिचं ‘बारा फुलांचे महिने’ मोठं करून, शांतपणे बघ. बारा चांद्र महिने, प्रत्येक महिन्याचं परंपरेनं ठरलेलं फूल. पहिल्या महिन्यात नार्सिसस, पुढे कधी कमळ, कधी शेवंती, शेवटी थंडीतलं प्लमचं फूल. चौकटी जुन्या चिनी बागांमधल्या खिडक्यांच्या आकाराच्या. चित्रं काळोखी आहेत. आधी फूल दिसतं. मग कळतं की शेजारी जुन्या घडणीचा आरसा आहे. त्या आरशात काय आहे हे लक्षात यायला आणखी क्षण जातो. तिचंच शरीर, तिचंच रक्त. बाईला फूल म्हणायचं, तिच्या हाती आरसा द्यायचा, खिडकीच्या चौकटीत तिला बसवायचं, हा सौंदर्याचा सगळा जुना सरंजाम तिनं जसाच्या तसा मांडला आणि आरसा फक्त थोडा खाली वळवला. चेहरा कुठेच नाही. यावर दोन पानं लिही.

‘हे चेंगयाओ’ या परफॉर्मन्स करणाऱ्या कलाकाराला मात्र या प्रकरणात कोंबू नकोस. २००१ मध्ये ती चीनच्या भिंतीवर उघड्या अंगानं चालली खरी, पण तिच्या कामाच्या मुळाशी तिची मनोरुग्ण आई आहे, आईला झालेले जबरदस्तीचे उपचार आहेत. म्हणून तर पुढच्या वर्षी तिनं स्वतःच्या अंगात ९९ ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घेतल्या. बाई उघडी दिसली की विषय सौंदर्याचाच, असं धरून चाललीस तर तूही त्याच नजरेनं बघतेस.

लुओ यांगची ‘गर्ल्स’ ही फोटोमालिका तुला आवडते, मलाही. ओळखीच्या, विश्वासानं समोर बसलेल्या मुली, सरळ भिंगात बघणाऱ्या. गुणी मुलीच्या साच्यातली एकही नाही. पण एक खडा टाकतेच. त्यातल्या बऱ्याच जणी बारीक आणि देखण्याच आहेत. बघ पटतंय का.

तुझ्या मसुद्यात गॅलरीबाहेरचं काहीच नाही, ही मला सगळ्यात मोठी त्रुटी वाटते. २०१६ मध्ये चिनी मुलींनी कमरेपुढे ए-फोर कागद उभा धरून फोटो टाकायला सुरुवात केली. कागद २१ सेंटिमीटर रुंद. कंबर त्यामागे पूर्ण झाकली गेली पाहिजे. हाही परफॉर्मन्सच, फक्त उलट्या बाजूचा. झेंग चुरान ही स्त्रीवादी कार्यकर्ती, तिला आदल्याच वर्षी बस-मेट्रोतल्या छेडछाडीविरुद्ध स्टिकर वाटण्याच्या बेतावरून चार मैत्रिणींसह महिनाभर डांबलं होतं. तिनं तोच कागद आडवा धरला आणि त्यावर लिहिलं, माझी जाडी कंबर मला आवडते. बस. कागद ९० अंशांत फिरवला, एवढंच. २०१५ मध्ये शियाओ मेइली या दुसऱ्या स्त्रीवादी कार्यकर्तीनं वेइबो या चिनी समाजमाध्यमावर काखेतल्या केसांच्या फोटोंची स्पर्धा ठेवली, तीही घे. आणि मेइतू हे फोटोतला चेहरा सुंदर करून देणारं ॲप विसरू नकोस. नावाचा अर्थच ‘सुंदर चित्र’. शियामेन शहरात २००८ मध्ये सुरू झालेली कंपनी. डोळे मोठे, हनुवटी निमुळती, कातडी दुधासारखी, सगळं बोटानं.

मेइतूला नावं ठेवण्याआधी माझंही सांगते. वडिलांचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता. चौदाव्या वर्षापासून मी रिटचिंगला बसायचे. तिरप्या काचेमागे दिवा, काचेवर निगेटिव्ह, हातात पॉलिश पेपरवर सुईसारखी घासलेली कडक पेन्सिल. निगेटिव्हवर पेन्सिल फिरते तिथून उजेड कमी जातो आणि प्रिंटवर तेवढी जागा गोरी उमटते. स्थळांसाठी फोटो काढायला आलेल्या मुलीची आई जाताना हळूच सांगायची, “जरा उजळ करा हं.” मी काळ्या पेन्सिलीनं करायचे. एकीनं पाकीट उघडून फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “छान आहे. कोण आहे ही?” मी हसले होते तेव्हा. तीही हसली. पैसे दिले आणि गेली.

म्हणून तुझ्या मसुद्यातलं ‘त्या बिचाऱ्या चिनी मुली’ मी लाल शाईनं खोडलंय.

पुढचा मसुदा दोन आठवड्यांत दे. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस, ते बारीक होऊन येतात आणि चेनच्या काळोखातलं काही म्हणजे काही दिसत नाही. पेनड्राइव्हवर आण. रविवारी येणार असशील तर अकरानंतर ये, त्याआधी आमच्याकडे पाणी भरायची गडबड असते.