डीव्हीडी ड्राइव्हमध्ये डिस्क आहे की नाही, हे स्क्रिप्टला कसं कळेल?

बीडमध्ये तुम्ही लग्नाच्या जुन्या डीव्हीडी हार्डडिस्कवर उतरवून देता, डिस्क टाकली की कॉपी आपोआप सुरू व्हायला हवी, पण उबुंटूवरची (म्हणजे लिनक्सवरची) स्क्रिप्ट कधीकधी डिस्क आत असतानाही ड्राइव्ह रिकामा म्हणते, असा तुमचा प्रश्न. परभणीत मीही हेच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची स्क्रिप्ट डिस्क माउंट होते का, म्हणजे तिच्यावरच्या फाइली वाचायला उघडतात का, ते बघते. घोळ तिथंच आहे. कोऱ्या डिस्कवर किंवा ऑडिओ सीडीवर फाइल सिस्टीमच नसते, मग ती माउंट होणार कशी? त्यापेक्षा थेट ड्राइव्हलाच विचारा. लिनक्समध्ये त्यासाठी ‘सीडीरॉम ड्राइव्ह स्टेटस’ हा आयओसीटीएल कॉल (प्रोग्रामनं डिव्हाइसला थेट दिलेली आज्ञा) आहे, हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकलेखनात) क्रमांक 5326. उत्तर आकड्यात येतं: 1 म्हणजे डिस्क नाही, 2 ट्रे उघडा, 3 ड्राइव्ह अजून तयार नाही, 4 डिस्क आहे. 0 आलं तर ड्राइव्हकडून माहितीच मिळत नाही असं समजा. स्क्रिप्टमध्ये ड्राइव्ह उघडताना नॉनब्लॉक फ्लॅग (डिस्क नसली तरी उघड, असं सांगणारी खूण) द्याच, नाहीतर रिकाम्या ड्राइव्हवर ‘नो मीडियम फाउंड’ येऊन गाडी तिथंच अडते.

तुमचा खरा त्रास बहुधा 3 चा आहे. ट्रे आत गेला की ड्राइव्ह लेन्स वरखाली करून लेझरचा उजेड परत येतो का ते बघतो, डिस्क फिरवतो, सीडी की डीव्हीडी ते ओळखतो. याला काही सेकंद जातात, ओरखडे पडलेल्या डिस्कला तर जास्तच. 3 आलं की सेकंदभर थांबा आणि परत विचारा. लगेच ‘रिकामा’ ठरवू नका.

डिस्क आत असूनही सारखं 1 येत असेल तर लेन्स बघा. आपल्याकडं उन्हाळ्यात दुकानात किती धूळ येते, तुम्हाला सांगायला नको. री-राइटेबल डिस्क उजेड फार कमी परत पाठवते, त्यामुळं मळकी लेन्स आधी तिच्यावरच अडते. कंपनीची छापील डिस्क घालून बघा. ती चालली आणि बाकीच्या नाही, तर ब्लोअरनं लेन्स हलक्या हातानं साफ करा.

विंडोजवर डब्ल्यूएमआयच्या (मशीनची माहिती विचारायची विंडोजची सोय) ‘विन32 सीडीरॉम ड्राइव्ह’मध्ये ‘मीडिया लोडेड’ बघा.

आणि एक, कॉपी संपली की स्क्रिप्टनंच ट्रे बाहेर काढावा, आणि मध्ये एकदा 1 किंवा 2 आल्याशिवाय पुढचं 4 मोजू नये. नाहीतर एकच लग्न दोनदा कॉपी होतं.