क्वार्टरमध्ये ताई-दाजी राहतात म्हणून नोटीस आलीये

प्रश्न: वकीलताई, मिरजेत बाबांच्या नावावर केंद्र सरकारी क्वार्टर आहे. मी पण केंद्राच्याच दुसऱ्या खात्यात मिरजेतच नोकरीला, बायकोपोरांसकट बाबांकडेच राहतो आणि माझा एचआरए (घरभाडे भत्ता) चालू आहे. २०२१ च्या पुरात सांगलीतलं घर पाण्यात गेलं तेव्हापासून ताई-दाजी पण इथंच. खात्याला यातलं काहीच कळवलेलं नाही. दाजी लाइटबिलाचे म्हणून बाबांच्या खात्यावर दरमहा पैसे टाकतात. आता कोणीतरी तक्रार केली आणि "पोटभाडेकरू ठेवलेत, खुलासा करा" अशी नोटीस आली. ऑफिसातले म्हणतात कुपवाडचा मागच्या तारखेचा भाडेकरार करून ठेव म्हणजे एचआरए वाचेल. करू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर: भाडेकराराचं डोक्यातून काढूनच टाका. आत्ता विषय एचआरएचे पैसे परत करण्याचा आहे, खोटा कागद दिलात की तो फौजदारीचा होतो आणि नोकरीवर येतं, आणि सल्ला देणारे तेव्हा ओळख पण दाखवणार नाहीत.

तक्रार दाजींवर आहे पण खरी अडचण तुमची आहे. सख्खी मुलगी-जावई सोबत राहिले तर त्याला सहसा पोटभाडं म्हणत नाहीत (बाबांच्या खात्याचे अलॉटमेंटचे नियम तरी एकदा वाचा), फक्त दरमहा ठरावीक रक्कम जमा होताना दिसली की साहेबाला ते भाडंच वाटणार, म्हणून लाइटबिलं आणि बँकेचं स्टेटमेंट खुलाशासोबत जोडा. एचआरएचं मात्र तसं नाही. आई-वडिलांना मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला एचआरए मिळतच नाही, मग वडिलांचं खातं वेगळं असलं तरी. वसुली होईल, चौकशी पण लागू शकते.

आता नोटिशीवर वर काय लिहिलंय बघा. नुसता ऑफिसचा खुलासा मागितला असेल तर बाबांनी मुदतीत लेखी उत्तर द्यायचं, घरात कोण कोण राहतं त्या सगळ्यांची नावं नात्यासकट टाकून. १९७१ च्या सार्वजनिक जागा कायद्याचं कलम ४ आणि इस्टेट ऑफिसरची (सरकारी जागा खाली करायचा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची) सही असेल तर प्रकरण घर खाली करण्याचं आहे, तिथं म्हणणं मांडायला आठवडाभरच मिळतो असं धरून चाला. आदेश विरोधात गेला तर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील, मुदत फक्त १२ दिवस. दिवाणी कोर्टातून स्टे आणतो म्हणणाऱ्या वकिलाला फी देऊ नका, कलम १५ ने तो रस्ता बंद केलाय.

आणि तुम्ही स्वतः आजच आपल्या ऑफिसला पत्र द्या की एचआरए थांबवा, मागचा वसूल करा. एकदम झेपत नसेल तर हप्त्यांत कापा असा अर्ज त्याच पत्राला जोडा.