परतीच्या वाटेवर कॅरॅव्हॅन डोलते

प्रश्न : ऑस्ट्रेलियात पर्थची सुट्टी संपवून नलारबॉरच्या ओसाड मैदानातून ॲडलेडला घरी परतायचं आहे. ताशी ९० किमी वेगाला कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) मागे डोलते. काय करावं?

उत्तर : आधी वजन कुठे आहे ते पाहा. टो-बॉलवर, म्हणजे गाडीला कॅरॅव्हॅन जोडायच्या गोळ्यावर, कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार हवा. २००० किलोला २०० किलो. परतीला सामान वाढतं आणि ते मागच्या कपाटात कोंबलं जातं. मग पुढचं टोक हलकं होतं, शेपूट हलू लागतं. जड डबे, पेट्या चाकांच्या आसाजवळ, खाली ठेवा. डोलू लागलीच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक चालकाजवळच्या कंट्रोलरवरून हलके लावा. गाडीचा ब्रेक दाबू नका, वेग वाढवून सावरायला तर मुळीच जाऊ नका.

प्रत्येक थांब्यावर चाकांच्या हबजवळ (मधल्या भागाजवळ) हात न्या. एकच हब चटका देत असेल तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय. तसंच पुढे जाऊ नका.

वाटेत बॅलडोनिया ते कैगुना या थांब्यांच्या दरम्यान रस्ता १४६.६ किमी नाकासमोर सरळ आहे, डुलकी इथेच लागते. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून उजेडातच मुक्काम गाठा. आणि फळं-भाज्या सेडूना गावातल्या तपासणी नाक्याआधी संपवा. फळमाशीमुळे तिथे काढून घेतात.