खाडाखोडीवरून यंत्राची निवड

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची तीन कोटेशने मिळाली. बारा टेबलांच्या उपाहारगृहासाठी या तिघांपैकी कोणती बिलिंग प्रणाली घ्यावी, एवढेच तू विचारले आहेस. पण कोटेशने वाचून त्याचे उत्तर देता येणार नाही, कारण तिन्ही कागदांवर जवळजवळ तीच वैशिष्ट्ये निरनिराळ्या क्रमाने छापलेली आहेत. म्हणून आधी एक काम कर. गेले चार महिने तू हातबिलांवर धंदा चालवतो आहेस, तर मागच्या रविवारच्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या आणि बिलबुकातल्या कार्बन प्रती काढ, आणि रात्री शटर ओढल्यावर कॅप्टनला, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वाढप्याला, शेजारी बसवून त्यांतल्या खाडाखोड झालेल्या चिठ्ठ्या तेवढ्या वेगळ्या कर.

त्या चिठ्ठ्यांत तुला काय दिसेल, याचा मला अंदाज आहे. चार नंबरची माणसे पंख्याखाली जागा मिळाली म्हणून सातवर जाऊन बसली. दोन कुटुंबे एकाच टेबलावर जेवली आणि बिल मात्र त्यांनी वेगवेगळे मागितले. कोणी दोन मिसळींपैकी एक बिनकांद्याची सांगितली, पाव चारचे सहा झाले, थाळी निम्मी संपल्यावर एक ताक वाढले, आणि एकाची भाकरी तव्यावर पडल्यानंतर त्याने चपाती मागितली. विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला येतो तेव्हा तो नेहमी सरळ ऑर्डर टाकून सरळ बिल काढून दाखवतो, आणि तेवढे काम तर कोणतीही प्रणाली बिनचूक करते. तुझा धंदा खाडाखोडीत चालतो, त्यामुळे यंत्राची परीक्षाही तिथेच घ्यायला हवी. वेगळ्या काढलेल्या चिठ्ठ्यांतल्या दहा निवड, तिन्ही विक्रेत्यांना त्याच दहा दे, आणि बटणे तू दाबू नकोस, विक्रेत्यालाही दाबू देऊ नकोस. ती तुझ्या कॅप्टनला दाबू दे. टेबल बदलायला त्याला किती वेळा बोट लावावे लागते आणि बिल तीन जणांत वाटताना तो कोठे अडखळतो, हे घड्याळ लावून टिपून ठेव. रविवारी दुपारी एक वाजता दाराशी रांग लागलेली असते, तेव्हा यातला प्रत्येक जादा सेकंद तुला भोवणार आहे.

स्वयंपाकघराचा विचार तुझ्या पत्रात मुळीच दिसला नाही, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. काउंटरवर ऐंशी मिलिमीटर रुंदीच्या कागदाचा थर्मल प्रिंटर उत्तम चालतो, कारण तो जलद आहे आणि त्याला शाई लागत नाही. मात्र त्याची अक्षरे उष्णतेने उमटतात, आणि भट्टीशेजारी लावलेली केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची छापील चिठ्ठी, त्याच उष्णतेने काळी पडते. माझ्याकडे पहिले दोन आठवडे आचारी काळी चिठ्ठी हातात घेऊन बाहेर यायचा आणि ऑर्डर तोंडी विचारून जायचा. अखेर मी आत फितीवर आघात करून छापणारा जुन्या पद्धतीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बसवला. तो करकर आवाज करतो, पण त्या आवाजानेच नवी ऑर्डर आल्याचे आत कळते. प्रिंटर नेटवर्कच्या तारेने जोड. ब्लूटूथच्या भरवशावर स्वयंपाकघर चालवू नकोस.

दुसरा मुद्दा मराठी छपाईचा आहे. तुझ्या आचाऱ्याला इंग्रजी केओटी वाचता येत नसेल, तर पदार्थांची नावे देवनागरीत छापली जातात की नाही, हे प्रत्यक्ष छापून पाहा. पडद्यावर दिसली म्हणून समाधान मानू नकोस. स्वस्त प्रिंटरांत देवनागरी अक्षरे सहसा नसतात, त्यामुळे प्रणालीला संपूर्ण चिठ्ठी चित्र म्हणून पाठवावी लागते आणि काही यंत्रांवर त्याने छपाई मंदावते. पडद्यावरची जोडाक्षरे कागदावर फुटलेली मी पाहिली आहेत. नावे लहान ठेव: ‘मिसळ तिखट’, ‘मिसळ मध्यम’, ‘भाकरी ज्वारी’.

आता पैशांकडे येतो. गल्ल्याच्या यंत्राचा इतिहासच मुळी संशयातून सुरू झाला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डेटन गावी जेम्स रिटी नावाचा मद्यालयाचा मालक होता. नोकर गल्ल्यातले पैसे लंपास करतात म्हणून त्याने भावाच्या मदतीने यंत्र बनवले आणि १८७९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. घेतलेली रक्कम गिऱ्हाइकाला दिसावी म्हणून त्यावर घड्याळासारखी तबकडी होती. रिटीची युक्ती मला आवडते, कारण तिने नोकरावर पहारा बसवला नाही, फक्त व्यवहार दोघांच्या डोळ्यांसमोर आणला. तू निवडलेल्या प्रणालीकडूनही तेवढीच अपेक्षा ठेव. आपल्या धंद्यातली गळती ऑर्डर लिहिताना होत नाही, रद्द करताना होते. बिल छापले, गिऱ्हाइकाने रोख दिली, तो दाराबाहेर गेला आणि मग बिल रद्द झाले. किंवा एका टेबलाच्या दोन थाळ्यांचे बिल पुन्हा छापून दुसऱ्या टेबलावर दिले गेले. यासाठी केओटी जाण्यापूर्वी, केओटी गेल्यानंतर आणि बिल छापल्यानंतर अशा तीन टप्प्यांवर रद्द करण्याचे अधिकार वेगवेगळ्या माणसांना देता येतात का, आणि कोणी, किती वाजता, कोणत्या कारणाने रद्द केले याची पुसता न येणारी नोंद राहते का, हे दोन प्रश्न सगळ्यांत आधी विचार. तसेच तुझा स्वतःचा पिन कॅशियरला सांगू नकोस. ‘मालक नाहीत, गिऱ्हाईक थांबले आहे’ या सबबीवर तो एकदा सांगितला गेला की अधिकारांची सगळी रचना फुकट जाते.

कराच्या बाबतीत प्रणाली घेण्यापूर्वी तुझ्या कर सल्लागाराशी बोल, पण काही गोष्टी तुला स्वतःला ठाऊक असायला हव्यात. आपल्यासारख्या साध्या उपाहारगृहांना १५ नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के जीएसटी आहे, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा, आणि त्यावर खरेदीच्या कराची वजावट मिळत नाही. याचा अर्थ असा की कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेला ‘अधिक जीएसटी’ हा तुझ्या दृष्टीने निव्वळ खर्च आहे. तिन्ही कोटेशनांची तुलना तो मिळवूनच कर. वार्षिक उलाढाल दीड कोटींच्या आत असल्याने तू कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेत, गेलास, तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि बिलावर तसा मजकूर छापावा लागतो. तेव्हा बिलाचा नमुना बदलता येतो का, ते पाहा. झोमॅटो, स्विगी यांच्यामार्फत आलेल्या जेवणाच्या ऑर्डरवरचा कर १ जानेवारी २०२२ पासून त्या कंपन्यांनीच भरायचा आहे. म्हणून ती विक्री दुकानातल्या विक्रीत मिसळणारी प्रणाली महिनाअखेरीस तुझी डोकेदुखी वाढवील. त्याच तारखेपासून एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना क्रमांक बिलावर सक्तीचा झाला आहे. सेवाशुल्क बिलात आपोआप लावण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई कायम ठेवली. तरी काही प्रणालींत तो रकाना मुळातच चालू असतो, तो पहिल्याच दिवशी बंद करून टाक.

बिल क्रमांकाचा नियम मात्र पुन्हा खाडाखोडीपाशीच आणून सोडतो. क्रमांक सलग हवा, आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये आणि तो सोळा अक्षरांपेक्षा मोठा असता कामा नये. रद्द झालेले बिल यादीतून नाहीसे करून पुढचा क्रमांक मागे ओढणारी प्रणाली ‘हिशेब स्वच्छ दिसतो’ म्हणून कोणी विकू लागला, तर त्याला चहा पाजून निरोप दे. रद्द बिल ‘रद्द’ या शिक्क्यासह यादीत दिसलेच पाहिजे. हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने सांभाळायच्या असतात आणि थर्मल कागद तर त्याच्या कितीतरी आधी कोरा होतो. म्हणून माहितीची प्रत दुकानाबाहेरही कोठेतरी राहायला हवी.

इंटरनेट आणि वीज यांविषयी माझा अनुभव कडू आहे. माझी पहिली प्रणाली पूर्णपणे इंटरनेटवर चालणारी होती. एका दसऱ्याला ऐन जेवणाच्या वेळी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, आणि सोळा टेबलांची चालू ऑर्डर पडद्यासकट गोठली. बिले आम्ही आठवणीने लिहिली. काहींनी प्रामाणिकपणे न लिहिलेले पदार्थ सांगितले, काहींनी नाही. तेव्हा प्रात्यक्षिक चालू असताना विक्रेत्याला न सांगता राउटरची वायर काढ आणि केओटी निघते का ते पाहा. निघत असेल तर पुढचा प्रश्न विचार: काउंटर आणि कॅप्टनचा टॅबलेट दोन्ही इंटरनेटविना चालत असताना दोघांनी एकच बिल क्रमांक दिला, तर काय होते? ज्याला याचे उत्तर चटकन देता येते, त्याने हे काम खरोखर केलेले असते. संगणक, राउटर आणि दोन्ही प्रिंटर या सर्वांना यूपीएस, म्हणजे वीज जाताच त्याच क्षणी बॅटरीवर घेणारी पेटी, हवा. इन्व्हर्टरवर जाताना दिवा नुसता लुकलुकतो, पण संगणक बंद पडतो.

यूपीआयची जोडणी बारा टेबलांना अत्यावश्यक नाही. बिलावरच त्या रकमेचा क्यूआर छापला जात असेल तर चांगलेच, रक्कम चुकीची टाकण्याचा प्रश्न मिटतो. नसेल तर आवाज देणारी डबी आणि रात्रीचा ताळा पुरेसा आहे. साठ्याच्या हिशेबाचा जो महागडा भाग तिन्ही कोटेशनांत आहे, तो आज घेऊ नकोस. रस्सा मागेल तितका वाढणाऱ्या दुकानात एका मिसळीला किती मटकी गेली, हे यंत्राला कोणी सांगायचे? पाव, तेल, पनीर आणि दूध एवढ्याच चार वस्तू वहीत रोज मोज.

शेवटी, लग्नाआधी काडीमोडाची अट विचारावी तसे वाटेल, पण सोडून जाण्याचा प्रश्न आजच विचार. मी दुसरी प्रणाली बदलू लागलो तेव्हा तीन वर्षांची विक्री मला पीडीएफच्या गठ्ठ्यात मिळाली. ती पाहता येत होती, पण तिची बेरीज करता येत नव्हती. पदार्थवार विक्री, रद्द बिले आणि मेनू हे सगळे एक्सेलमध्ये तुझे तुला केव्हाही काढता यावे, आणि तसे करारात लिहून घे. गिऱ्हाइकांचे मोबाइल क्रमांक कोणाच्या मालकीचे राहतील, हेही त्यातच येऊ दे. बिलासाठी क्रमांक सक्तीने मागू नकोस. जेवायला आलेल्या माणसाला ते आवडत नाही आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आता आहे. दुसऱ्या वर्षीचे शुल्क, जादा प्रिंटरचे व ऑनलाइन ऑर्डरच्या जोडणीचे पैसे, आणि रविवारी दुपारी फोन उचलणाऱ्या माणसाचे नाव, हे कोटेशनच्या मागे लिहून त्यावर विक्रेत्याची सही घे.

त्या दहा चिठ्ठ्या निवडून झाल्या की घेऊन ये. शक्यतो गुरुवारी दुपारी ये. आमच्या पेठेत त्या दिवशी बहुधा दुरुस्तीसाठी वीज गेलेली असते, तेव्हा माझे यंत्र काय करते ते तुला काउंटरमागे उभे राहून पाहता येईल. कॅप्टनलाही सोबत आण.

तुझा हितचिंतक